पत्त्यांवरून पकडलेला कॉलरा

ऑनलाइन ऑर्डर देताना घर क्रमांक, गल्ली, जवळची खूण सगळं नीट टाकता ना? मग बाकीच्या फॉर्मवर तोच रकाना भरायचा कंटाळा का येतो? या रकान्याची ताकद कळायला डॉ. जॉन स्नो यांना भेटायलाच हवं.

स्नो यांचा जन्म १८१३ चा, इंग्लंडमधल्या यॉर्कचा. वडील मजूर. चौदाव्या वर्षीच ते एका सर्जनच्या हाताखाली शिकायला गेले. तिथे असताना कॉलऱ्याने आजारी पडलेले कोळसा खाणकामगार त्यांनी पाहिले. पुढे लंडनमध्ये भूल देण्यात त्यांनी नाव कमावलं. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यांनीच दिलं. पण डोक्यातून कॉलरा काही जाईना. तो दुर्गंधीयुक्त हवेतून पसरतो, असं बहुतेक डॉक्टर मानायचे. स्नोंचा संशय पाण्यावर होता.

ऑगस्ट १८५४ च्या अखेरीस लंडनच्या सोहो भागात साथ भडकली. स्नोंनी मृत्यू नोंदणी कार्यालयातून ८३ मृत्यूंची यादी मिळवली आणि एकेक पत्ता शोधत निघाले. जवळपास सगळी घरं ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाच्या आसपासची! फक्त दहा मृत्यू दुसऱ्या पंपांजवळचे. मग अंदाज चुकला का? नाही. चौकशी केली तर त्यातल्या पाच जणांच्या घरी पाणी ब्रॉड स्ट्रीटवरूनच यायचं. तिघं तर त्या पंपाजवळच्या शाळेत जाणारी मुलं होती. म्हणजे पत्ता फक्त दारापर्यंत नेतो. पुढचे प्रश्न आपणच विचारायचे असतात.

८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्नोंनीही प्रामाणिकपणे मान्य केलं. पण दुसरा पुरावा त्याहून पक्का होता. दक्षिण लंडनमध्ये एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांचे नळ होते. कुठल्या घरात कुणाचं पाणी येतं, हे त्यांनी दारोदार फिरून शोधलं. थेम्स नदीचं शहराच्या सांडपाण्याने घाण झालेलं पाणी पिणाऱ्या दर १० हजार घरांमागे ३१५ मृत्यू. शहराच्या वरच्या बाजूचं पाणी पिणाऱ्यांत फक्त ३७!

तरीही अनेकांना ते पटलं नाही. १८५८ मध्ये, अवघ्या ४५ व्या वर्षी स्नो गेले. मान्यता मिळाली ती नंतर.

पुढच्या वेळी आरोग्य सर्वेक्षणवाले दारात आले, तर पत्ता ‘देवळामागे’ एवढ्यावर सोडू नका. घर क्रमांकही सांगा. आणि पाणी कुठून येतं, तेही.