महागडा बॉल घेतला की खेळ सुधारतो का? चार रुपये पगारावर घडलेल्या बाळू पालवणकरांची गोष्ट

गोल्फ खेळणाऱ्यांमध्ये एक वाद कायम चालू असतो. बॉल भारीतला घ्यायचा की स्वस्तातला? भारीतल्या बॉलचं आवरण मऊ असतं, त्याला फिरकी चांगली मिळते. पण ती मिळवायला दर वेळी फटका नीट बसावा लागतो. हौशी माणसाचा तो बसतोच असं नाही. बॉल झाडीत जातो आणि पैसेही.

वाशिम, रिसोड, कारंज्याच्या पोरांना गोल्फशी काय देणंघेणं, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण टेनिस बॉल सोडून लेदर बॉलवर येणाऱ्या पोराच्या घरी हाच विषय निघतो. भारी किट घेतलं तर पोरगा खरंच चांगला खेळेल का?

या प्रश्नावर बाळू पालवणकरांचं आयुष्य बघण्यासारखं आहे. भारताचा पहिला मोठा स्पिनर म्हणून त्यांचं नाव घेतात.

बाळूंचा जन्म 1876 मध्ये धारवाडचा. आडनाव आलं कोकणातल्या पालवण गावावरून. कुटुंब चर्मकार समाजाचं, वडील लष्करात नोकरीला. पुण्यात बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले ते गोऱ्या ऑफिसरांनी टाकून दिलेल्या सामानावर. विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता.

पहिली नोकरी पारशांच्या क्लबात. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, अधूनमधून मेंबरांना बॉल टाकायचे. पगार महिना तीन रुपये. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले, तिथं चार रुपये झाले.

या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचा साहेब होता, तेव्हाचा नावाजलेला बॅट्समन. तो इतरांच्या आधी मैदानावर यायचा आणि बाळूंना बॉलिंग करायला लावायचा. असं सांगतात की, आपल्याला आऊट केलं की तो दर वेळी आठ आणे द्यायचा.

आता हिशोब करा. चार रुपये म्हणजे चौसष्ट आणे. ग्रेगला आठ वेळा आऊट केलं की महिन्याचा पगार सुटला! बाळूंचा डावखुरा हात असा तयार झाला. बॉल साहेबाचा, नेट साहेबाचं, खेळपट्टी मात्र बाळूंनीच रोलर फिरवून बनवलेली. वर्षानुवर्षं रोज शेकडो बॉल आणि समोर कसलेला बॅट्समन. ही शिकवणी कुठल्याच दुकानात मिळत नाही.

पण नेटमध्ये बाळूंच्या हातात कोणी बॅट दिली नाही. बॅटिंग करायची साहेबांनी, बॉल टाकायचे नोकरांनी. पुढे त्यांचं नाव बॉलर म्हणूनच झालं, त्याचं एक कारण हे आहे.

साहेबाला वारंवार चकवणाऱ्या या पोराची कीर्ती पुण्याच्या हिंदू क्लबपर्यंत गेली. तिथं वाद झाला. युरोपियनांना हरवायचं तर हा बॉलर पाहिजे, पण जात आडवी येत होती. शेवटी घेतलं. मैदानावर त्याच्या हातचा बॉल सगळे झेलायचे. चहाच्या वेळी मात्र त्याला पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या कपात चहा. बॉल चामड्याचा चालत होता, चामड्याचं काम करणाऱ्या समाजातल्या माणसाचा कप चालत नव्हता.

पुण्यात प्लेग आला तेव्हा बाळू मुंबईला गेले आणि तिथल्या हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना 109 रनांनी हरवलं. त्या विजयात बाळूंची बॉलिंग मोठी होती आणि टीममध्ये शिवरामही होता. 1911 मध्ये भारतीय टीम इंग्लंडला गेली. दौरा एकूण वाईटच गेला, पण बाळूंनी एकट्यानं 114 विकेट काढल्या. तेव्हा त्यांचं वय 35. फर्स्ट क्लास कारकिर्दीचा हिशोब म्हणजे 33 मॅचमध्ये 179 विकेट आणि सरासरी 15 च्या आसपास. आजच्या बॉलरनंही हेवा करावा असा आकडा.

एवढं असून त्यांना हिंदू टीमचं कॅप्टनपद कधीच मिळालं नाही. 1920 मध्ये त्यांना टीममधूनच वगळलं, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी खेळायला नकार दिला. गाजावाजा झाला. बाळूंना परत बोलावून उपकर्णधार केलं गेलं. 1923 मध्ये विठ्ठल कॅप्टन झाला आणि हिंदू टीम ती स्पर्धा जिंकली.

बाळू पुढे राजकारणात आले. 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसकडून थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले. बाबासाहेबांना 13,245 मतं पडली, बाळूंना 11,225. जुलै 1955 मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.