गॅरी किल्डॉल: कंपायलर आणि बायोस, दोन्हींमागचा माणूस

संगणकाचं बटण दाबताच चालणारा सुरुवातीचा कोड नाजूक असतो. तेव्हा मेमरीची मांडणी झालेली नसते, प्रोसेसरच्या काही सोयीही बंद असतात. म्हणून कर्नलचा हा भाग तयार करताना कंपायलरला फ्लॅग देऊन बजावावं लागतं: कोड सुधार, पण फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरना हात लावू नकोस. या कामाच्या दोन्ही बाजूंवर गॅरी किल्डॉल यांची छाप आहे.

१९४२ मध्ये सिएटलला जन्मलेले किल्डॉल कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवत. कोडमधली माहिती कुठून कुठे वाहते हे तपासून तो सुधारण्याची सर्वसाधारण पद्धत त्यांनी १९७३ मध्ये मांडली. आजचे कंपायलरही त्याच पायावर उभे आहेत. इंटेलच्या मायक्रोप्रोसेसरसाठी त्यांनी पीएल/एम भाषा आणि तिचा कंपायलर घडवला. १९७४ मध्ये सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम तयार झाली. पुढे त्यांनी तिच्यातला हार्डवेअरशी बोलणारा भाग वेगळा काढला. तोच बायोस! नवं यंत्र आलं की फक्त तेवढाच भाग बदलायचा.

१९८० मध्ये आयबीएमशी करार जुळला नाही आणि पीसीसाठी मायक्रोसॉफ्टचं डॉस निवडलं गेलं. सीपी/एम-८६ नंतर पर्याय म्हणून आलं, पण २४० डॉलरला. डॉस मिळायचं ४० डॉलरला. बाजाराने स्वस्त पर्याय उचलला.

११ जुलै १९९४ रोजी, वयाच्या ५२व्या वर्षी किल्डॉल यांचं निधन झालं. पॅसिफिक ग्रोव्हमधल्या त्यांच्या जुन्या कार्यालयाबाहेर आयईईईचा गौरवफलक लागला, तोही थेट २०१४ मध्ये.