जनाबाई, माझ्या आजीची मैतरीण

दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून अंक काढायचा ठरला, आणि मंडळी म्हणाली, बुवा, तुम्ही एका संताचं चरित्र लिहून द्या. माझं शिक्षण चौथी. कीर्तनाला दोन तास उभा राहीन, पण कोरा कागद पुढं आला की हाताला घाम येतो. तरी हो म्हणालो. कुणाचं लिहू याचा विचारसुद्धा करावा लागला नाही. जनाबाई मला पोथीतून नंतर कळली, आधी आजीच्या जात्यापाशी कळली. अक्षर माझं आहे, वेलांट्या नातीनं नीट करून दिल्या.

जनाबाई गोदाकाठच्या गंगाखेडची. म्हणजे आपल्याच परभणीकडची, हे आपल्या दिंडीतल्या पोरांनासुद्धा ठाऊक नसतं. बापाचं नाव दमा, आईचं करुंड. घरात पंढरीची वारी. आई गेली, पोर लहान, तेव्हा बापानं तिला पंढरपुरात दामाशेटी शिंप्याच्या घरी आणून ठेवलं. कुणी असंही सांगतात की जत्रेला आलेली जनीच हट्टाला पेटली, मी इथून हलायची नाही म्हणाली. कीर्तनात मी हट्टाचंच सांगतो, लोकांना गोड लागतं. पण मला स्वतःला बापाचं खरं वाटतं. पोरीला परक्याच्या दारात ठेवून माघारी फिरलेला बाप गंगाखेडपर्यंत कसा चालत गेला असेल, हे मला माझी लेक सासरी घातली त्या दिवशी समजलं.

आमच्या आजीचं माहेरही गोदाकाठचंच. दहाव्या वर्षी लग्न होऊन ती आमच्या कोरडवाहू गावात आली. इथं नदी नाही, ओढा तो पावसाळ्यापुरता. सासरी तिचं जीवाभावाचं कुणी नव्हतं, म्हणून तिनं जनीला धरलं. जनी माझ्या माहेरची, असं ती सांगायची, जशी काय शेजारच्या गल्लीत राहायला होती. पहाटे जात्यावर बसली की पहिली ओवी पांडुरंगाची आणि दुसरी जनीची. मधेच गाणं थांबवून तिच्याशी बोलायची. आज कंबर दुखती गं, सासूनं काल असं केलं, ज्वारी ओली हाय, खुंटा ओढना, जरा हात लाव. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो. पीठ तोंडावर उडायचं. मला वाटायचं, समोर दुसरी बाई खरंच बसली आहे.

दामाशेटीच्या घरी जनीला काम काय होतं, तर सगळंच. सडा, पाणी, दळण, कांडण, धुणं, शेण, गोवऱ्या. नामदेव महाराजांचा जन्म शके ११९२, म्हणजे सन १२७०. जनी त्यांच्याहून थोडी मोठी, तिनंच त्यांना कडेवर खेळवलं अशी परंपरा आहे. पुढं ज्याला कडेवर घेतलं त्यालाच तिनं गुरू केलं. जन्मभराची ही सोबत होती. तिनं नामदेवांच्या घरची माणसं एका अभंगात मोजली आहेत. दामाशेटी आणि गोणाई, नामदेव आणि राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा हे चार लेक, लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चार सुना, लेक लिंबाई, बहीण आऊबाई. झाले चौदा. आणि पंधरावी कोण, तर स्वतः जनी. दासी म्हणूनच मोजलं, शेवटीच मोजलं, पण मोजलं. नवरा नाही, लेकरू नाही, पदरात काही नाही, पण त्या घराच्या गणतीत आपण आहोत हे ती ठासून सांगते. नामदेवांची पोरं तिच्या अंगाखांद्यावर वाढली असणार. आजी म्हणून त्या घरातल्या लेकरांनी कुणाकडं धाव घेतली असेल ते मी सांगायला नको.

आता देवाच्या गोष्टी. त्या तुम्ही ऐकलेल्याच आहेत, म्हणून भराभर सांगतो. दळता दळता जनी थकली की विठोबा येऊन खुंट्याला हात लावायचा. कांडायला लागायचा, हाताला फोड यायचे. ती शेण वेचायला गेली की मागं मागं जायचा. तिच्या केसांतल्या उवा काढायचा, वेणी घालायचा. एका रात्री देव तिच्या वाकळंत झोपला, पहाटे काकड्याची घाई झाली म्हणून आपला शेला समजून तिची वाकळ पांघरून गेला आणि गळ्यातलं पदक तिथंच राहिलं. चोरीचा आळ जनीवर. घरात दासी असली की आळ दुसऱ्या कुणावर येतो? चंद्रभागेच्या वाळवंटात सूळ उभा केला, जनीनं देवाला हाक मारली आणि सुळाचं पाणी झालं.

गोवऱ्यांची गोष्ट मात्र जरा सावकाश सांगतो, ती आजीला फार आवडायची. कबीर जनीला भेटायला पंढरीला आले. बघतात तर ही बाई दुसरीशी गोवऱ्यांवरून भांडत बसलेली. कबीरांना वाटलं, हीच का ती? जनी म्हणाली, भाऊ, तूच निवाडा कर, जी गोवरी कानाला लावल्यावर विठ्ठल म्हणेल ती माझी, मुकी असेल ती हिची. आता एका शिकलेल्या माणसानं मला सप्ताहात उठून सांगितलं की कबीर जनाबाईच्या नंतर झाले, भेट होणार कशी. खरं आहे त्याचं, कबीर मागाहूनचे. पण मी गोष्ट सोडली नाही. आजी शेण थापायची तेव्हा प्रत्येक थापेबरोबर तिचे ओठ हलायचे, हे मी बघितलेलं आहे.

ज्ञानोबांच्या समाधीनंतर नामदेव महाराज उत्तरेला गेले, पार पंजाबात, घुमानपर्यंत. त्यांची ६१ पदं शिखांच्या ग्रंथसाहेबात आहेत. आपण त्यांच्या पावलांचं वर्णन करतो, करावंच. पण मालक देशांतराला गेल्यावर मागं एवढ्या मोठ्या घरात रोजची पायली पायली कुणी दळली? ज्याच्या घरी पोरं वारीला गेल्यावर म्हाताऱ्या माणसानं गुरं सांभाळली आहेत त्याला हे विचारावं लागत नाही.

एवढ्या रगाड्यात जनीनं अभंग केले. नामदेवांच्या गाथ्यात तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास आहेत. हरिश्चंद्राचं आख्यान आहे, थाळीपाक आहे. ते लिहून कुणी घेतलं? एका अभंगात तिनंच सांगून ठेवलंय, कोणत्या संताचं कोण लिहायचं. सावतोबांचं काशिबा गुरवानं, चोखोबांचं अनंतभट्टानं. आणि जनीचं? तर देवानं. पांडुरंग मांडी घालून तिच्यापुढं लेखणी घेऊन बसायचा.

इथं मला माझं सांगावं लागेल. आमच्या घरात चौथी पास झालेला मी पहिला. निकाल लागला त्या दिवशी आजीनं मला वाण्याकडून एक वही आणून दिली. दीड शेर तीळ घातले होते तिनं त्या वहीपायी. म्हणाली, बाळा, जनीचं देवानं लिहिलं, माझं तू लिही. रोज पहाटे दोन ओव्या सांगते. मी दोन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी मला झोप आली. मग मला लाजही वाटायला लागली, बाप्या माणसानं जात्यावरचं गाणं लिहायचं म्हणजे काय. उरलेल्या पानांच्या मी होड्या केल्या. पुढं १९७२ चा दुष्काळ पडला. आजी खडी फोडायला जायची, मिलोच्या भाकरी खायची. त्यानंतर गावात विजेची गिरणी आली, जातं थांबलं. जातं थांबलं तशा ओव्याही थांबल्या, कारण नुसतं बसून तिला म्हणता यायचं नाही, हात फिरल्याशिवाय पुढची ओळ सुचत नसे. दोन वर्षांनी ती गेली.

या अंकासाठी मंडळींनी दिंडीची जुनी वही काढली. त्यात विणेकऱ्यांची नावं आहेत, टाळकऱ्यांची आहेत, कुणी किती शिधा दिला त्याची आहेत. खाली लिहिलंय, बाया ११. त्या अकरांत आमची आजी आहे, डोक्यावर तुळस घेऊन सत्तावीस वाऱ्या केलेली. बाकी दहा कोण, ते ज्यांच्या घरात ठाऊक असेल त्यांनी छपाईच्या आत कळवावं.

शके १२७२, सन १३५०, आषाढ वद्य त्रयोदशी. नामदेव महाराजांनी महाद्वारात समाधी घेतली आणि घरची माणसं त्यांच्याबरोबर गेली. थोरली सून लाडाई तेवढी बाळंतपणाला माहेरी होती म्हणून मागं राहिली. जनीही त्याच दिवशी त्याच दारात विसावली. आपण पायरीला डोकं टेकवून आत जातो तेव्हा ती दळणारी म्हातारीही तिथंच आहे.

मी सात-आठ वर्षांचा असताना आजी मला वारीला घेऊन गेली होती. पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्याला आम्ही गेलो. तिथं जनाबाईचं जातं दाखवतात. मागं ही गर्दी. आजीनं डोक्यावरची तुळस माझ्या हातात दिली, खाली बसली, खुंटा धरला आणि रिकामं जातं फिरवायला लागली. ओवी म्हणाली. मागची माणसं ओरडली, म्हातारे, ऊठ की. ती उठली नाही. ओवी पुरी केली, मग जात्याच्या तोंडाशी बोटं नेऊन, घास घालतात तशी, पदराच्या गाठीतली चिमूटभर ज्वारी आत सोडली. आमच्या शेतातली होती. बाहेर आल्यावर माझ्या हातातली तुळस घेतली आणि म्हणाली, माहेरी जाऊन आले.

ती कोणती ओवी होती ते मला आठवत नाही. चाल आठवते. जनाबाईचं आख्यान लावलं की मी मृदंग्याला जरा थांबायला सांगतो आणि नुसती चाल म्हणतो. मागं बसलेल्या म्हाताऱ्या बाया तिच्यावर आपापले शब्द घालतात.