डब्लिनच्या हॅनाबाई

आपल्या देशातील स्त्री-चळवळीचा इतिहास वाचताना मार्गारेट कझिन्स हे नाव पुन्हा पुन्हा भेटते. १९२७ च्या जानेवारीत पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई अध्यक्षस्थानी होत्या, आणि ते सारे जमवून आणण्यात या आयरिश बाईंचा मोठा वाटा होता. आपल्या चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी एखादे चरित्र लिहून मागितले तेव्हा कझिन्सबाईंवरच लिहावे असे मनात होते. परंतु त्यांच्याविषयी वाचता वाचता त्यांची डब्लिनमधली एक मैत्रीण पुढे आली, ती काही केल्या बाजूला होईना. तेव्हा तिचीच हकीकत सांगते.

तिचे नाव हॅना शीही. जन्म २४ मे १८७७ चा, आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात कँटर्क या गावी. वडील डेव्हिड शीही गिरणीमालक, पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटात आयरिश पक्षाचे सभासद. चुलते पाद्री होते, आणि शेतकऱ्यांच्या जमीन-चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. म्हणजे राजकारण त्या घरात ताटाबरोबर वाढले जात असे म्हणायला हरकत नाही. पुढे बिऱ्हाड डब्लिनला आले. शीहींचे घर विद्यार्थ्यांना मोकळे असे. गाणी होत, वाद होत. पुढे जगप्रसिद्ध झालेला जेम्स जॉइस तेथे येणाऱ्यांपैकीच एक.

त्या काळी डब्लिनच्या जुन्या ट्रिनिटी कॉलेजात मुलींना प्रवेश नव्हता. तो मिळाला १९०४ साली. रॉयल युनिव्हर्सिटी म्हणून दुसरी एक संस्था होती, ती परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकायचे कोठे, ते मुलींनी आपले आपण पाहावे! पुरुषांना युनिव्हर्सिटी कॉलेजातले नामांकित प्राध्यापक शिकवीत, आणि तेच प्राध्यापक परीक्षक असत. मुली जोगिणींच्या शाळांतून अभ्यास करून त्याच परीक्षेला बसत. आपल्याकडे बाहेरून परीक्षेला बसलेल्या बायकांना यातली मेख चटकन कळेल. हॅनाबाई अशाच रीतीने १८९९ मध्ये बी. ए. आणि १९०२ मध्ये पहिल्या वर्गात एम. ए. झाल्या. विषय आधुनिक भाषा. एम. ए. झाल्या त्याच वर्षी त्यांनी इतर काही जणींबरोबर स्त्री-पदवीधरांची संघटना उभी केली आणि मुलींना कॉलेजचे वर्ग उघडा, अशी मागणी लावून धरली.

या मागणीला एक पुरुष साथीदार मिळाला, तो फ्रान्सिस स्केफिंग्टन. गुडघ्यापर्यंतची विजार, शाकाहार, दारू नाही, तंबाखू नाही, आणि कोटावर स्त्रियांच्या मताधिकाराचा बिल्ला! त्याला हसणारेच फार. १९०१ साली त्याने कॉलेजातल्या स्त्रियांच्या हक्कांवर एक निबंध लिहिला. कॉलेजच्या मासिकाने तो नाकारला. जॉइसचाही एक निबंध नाकारला गेला होता. तेव्हा दोघांनी पदरमोड करून दोन्ही निबंध एकत्र छापून वाटले. १९०३ च्या जूनमध्ये हॅना आणि फ्रान्सिस यांचे लग्न झाले. दोघांनी पदवीदानाचे झगे घातले होते, आणि दोघांनी एकमेकांचे आडनाव लावले. नुसते तिने नव्हे, त्यानेही. शीही-स्केफिंग्टन हे आडनाव असे तयार झाले. फ्रान्सिस तेव्हा त्याच कॉलेजचा रजिस्ट्रार होता. मुलींच्या प्रवेशासाठी त्याने अर्ज फिरवले, वरिष्ठांना ते रुचले नाही, आणि १९०४ मध्ये त्याने नोकरी सोडली. १९०८ च्या कायद्याने नवे राष्ट्रीय विद्यापीठ निघाले आणि तेथे मुलींना बरोबरीचे स्थान मिळाले.

त्याच वर्षी हॅनाबाई आणि मार्गारेट कझिन्स यांनी स्त्रियांच्या मताधिकारासाठी आयरिश विमेन्स फ्रँचाइज लीग स्थापन केली. होमरूल हा शब्द आपल्याकडे टिळकांमुळे घरोघर पोचला, त्याचे माहेर हेच आयर्लंड. १९१२ च्या होमरूलच्या मसुद्यात स्त्रियांना मत नव्हते, आणि हॅनाबाईंच्या वडिलांचा पक्षही त्यासाठी हट्ट धरायला तयार नव्हता. आधी स्वराज्य येऊ द्या, बायकांचे मग पाहू, हे उत्तर! त्या जूनमध्ये हॅनाबाईंनी सरकारी कचेरीच्या, म्हणजे डब्लिन कॅसलच्या, काचा फोडल्या. दोन महिने तुरुंग मिळाला आणि पुढे जर्मन शिकवण्याची नोकरी गेली. घरी ओवेन तीन वर्षांचा होता.

१९१४ च्या महायुद्धाने एकेक घर दुभंगले. शीहींचे तर फारच. धाकटा भाऊ ब्रिटिश सैन्यात अधिकारी झाला. बहीण मेरी हिचे यजमान टॉम केटल युनिव्हर्सिटी कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. तेही लष्करात गेले आणि भरतीसाठी भाषणे करू लागले. इकडे फ्रान्सिसने भरतीविरुद्ध भाषणे केली, तुरुंगात गेला, उपोषण करून सुटला. शस्त्र कोणीच धरू नये, आयरिशांनीही नाही, हे त्याचे मत. कॉलेजातला दुसरा एक अध्यापक, कवी थॉमस मॅकडोना, बंदुकीची तयारी करीत होता. एका पंक्तीला जेवलेली ही माणसे.

२४ एप्रिल १९१६, ईस्टरचा सोमवार. डब्लिनमध्ये उठाव झाला. पहिल्याच दिवशी एक ब्रिटिश अधिकारी जखमी होऊन पडला होता. त्याला मदत करावी म्हणून फ्रान्सिस गोळीबारातून धावला. शहरात दुकाने लुटली जाऊ लागली, तेव्हा ती थांबवण्यासाठी नागरिकांचे पथक काढावे म्हणून तो रस्तोरस्ती हिंडला. हॅनाबाई उठाववाल्यांना खाद्यपदार्थ आणि निरोप पोचवीत होत्या. मंगळवारी संध्याकाळी दोघे लीगच्या कचेरीत भेटली, चहा घेतला. ओवेनची काळजी म्हणून त्या आधी घरी निघाल्या. फ्रान्सिस मागाहून येणार होता.

तो आलाच नाही. वाटेत पुलाजवळ सैनिकांनी त्याला पकडून पोर्टोबेलो बराकीत नेले. बोवेन-कोल्थर्स्ट नावाच्या कप्तानाने रात्री छाप्याला जाताना त्याला ओलीस म्हणून बरोबर घेतले. त्या फेरीत कप्तानाने एका तरुण मुलाला गोळी घातलेली त्याने पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी, २६ एप्रिलला, चौकशी नाही, खटला नाही. फ्रान्सिस आणि डिक्सन व मॅकिंटायर हे दोन पत्रकार यांना बराकीच्या आवारात भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या.

घरी काही कळवले नाही. शुक्रवारी दोघी बहिणी चौकशीला बराकीत गेल्या, तर त्यांनाच अडकवून धमकावले. त्याच दिवशी हॅनाबाईंना खरे काय ते कळले, आणि संध्याकाळी तोच कप्तान शिपाई घेऊन त्यांच्या दारात! खिडक्यांतून गोळीबार झाला, संगिनी रोखल्या, फ्रान्सिसच्या विरुद्ध काही सापडते का म्हणून घर उलथेपालथे केले. ओवेन सात वर्षांचाही नव्हता. इकडे बराकीच्या भिंतीतल्या गोळ्यांनी फुटलेल्या विटा काढून नव्या बसवल्या गेल्या. सर फ्रान्सिस व्हेन या ब्रिटिश मेजरला हे सहन झाले नाही. त्याने थेट लंडनला जाऊन तक्रार केली, आणि शेवटी सैन्यातून काढला गेला तो तोच. जूनमध्ये लष्करी कोर्टाने कप्तानाला दोषी पण वेडा ठरवले. दोन वर्षांत तो सुटलाही.

जुलैत पंतप्रधान आस्क्विथ यांनी हॅनाबाईंना भेटीस बोलावून भरपाई देऊ केली. रक्कम दहा हजार पौंड होती, असे त्यांनी नंतर सांगितले. त्यांनी ती नाकारली आणि उघड चौकशी मागितली. हे वाचले तेव्हा मला बाईंचा रागच आला, खोटे कशाला सांगू? नोकरी गेलेली, पदरी लहान पोर. त्याच्यासाठी तरी घ्यायचे होते. परंतु ते पैसे घेतले असते तर प्रकरण तेथेच मिटले असते, आणि मिटावे म्हणूनच ते देऊ केले होते. ऑगस्टमध्ये सर जॉन सायमन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी-मंडळ बसले. साक्षी झाल्या, छापा आणि गोळीबार दप्तरी नोंदला गेला. आपल्याला ती सकाळ आज इतकी बारकाईने सांगता येते, ती पुष्कळशी त्यामुळे.

त्या सप्टेंबरात टॉम केटल फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत पडले. मॅकडोनाला मे महिन्यातच इंग्रजांनी गोळी घातली होती. वर्ष संपायच्या आत दोघी बहिणी विधवा झाल्या.

त्या डिसेंबरात हॅनाबाई खोट्या नावाने ओवेनला घेऊन अमेरिकेला निसटल्या. तेथे अडीचशेहून अधिक सभांतून बोलल्या, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना भेटल्या. १९१८ मध्ये परतल्या तो पुन्हा अटक, पुन्हा उपोषण, पुन्हा सुटका. १९२० मध्ये डब्लिनच्या नगरपालिकेवर निवडून आल्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला युनिव्हर्सिटी कॉलेजचा वैद्यकीचा विद्यार्थी केव्हिन बॅरी अठराव्या वर्षी फाशी गेला.

१९२२ च्या घटनेने एकविसाव्या वर्षी स्त्रियांना मत दिले. पण १९३७ ची नवी घटना आली, तिच्यात स्त्रीच्या घरातील जीवनाने राष्ट्राला आधार मिळतो असे कलम आले. साठीला आलेल्या हॅनाबाई पुन्हा रस्त्यावर. जुनी स्त्री-पदवीधर संघटना त्यांच्याबरोबर होती. घटना मंजूर झाली. ते कलम बदलावे का यावर २०२४ च्या मार्चमध्ये आयर्लंडमध्ये मतदान झाले, तेव्हाही तो बदल नामंजूर झाला. १९४३ मध्ये त्या स्वतंत्र उमेदवार म्हणून निवडणुकीस उभ्या राहिल्या आणि पडल्या.

२० एप्रिल १९४६ रोजी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, त्या वारल्या. ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत फ्रान्सिसशेजारी त्यांना ठेवले. ओवेन ट्रिनिटी कॉलेजात फ्रेंच शिकवीत असे. १९५४ मध्ये त्याच विद्यापीठाच्या मतदारांनी त्याला आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहात निवडून पाठवले. त्याच्या आईला विद्यार्थिनी म्हणून त्या फाटकातून आत जाता आले नव्हते.