दहा वर्षांच्या चाकरीचा करार

एजवेअर : सरकारी पैशाने चालणाऱ्या विद्यापीठांतील जागा नोकरीच्या बाजारातील मागणी पाहून ठरवाव्यात काय, हा वाद ब्रिटनमध्ये पुन्हा पुन्हा निघतो. एजवेअरहून शहरात जाणाऱ्या नॉर्दर्न लाइनवर चॉक फार्म स्थानक लागते. त्याच्याजवळ, १० किंग हेन्रीज रोड येथे, १९२१-२२ मध्ये राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शिक्षण याच प्रश्नात गुंतलेले होते. (एजवेअरपर्यंत ही रेल्वे आली १९२४ मध्ये, त्याआधीच ते मायदेशी परतले होते.)

१९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानाच्या खर्चाने. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची चाकरी, असा करार होता. सयाजीराव गायकवाड व्यवहारी राजे. उद्योगशिक्षणासाठी कलाभवन त्यांनी १८९० मध्येच काढले होते. पण न्यूयॉर्कमध्ये आंबेडकर केवळ कचेरीला उपयोगी पडेल एवढेच शिकले नाहीत. अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांचाही त्यांनी अभ्यास केला आणि १९१६ मध्ये जातिसंस्थेवर निबंध वाचला.

शिष्यवृत्तीची मुदत संपताच लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये ते बडोद्यास रुजू झाले. पद तयार होते, माणूसही तयार होता. मागणी आणि पुरवठा यांचा मेळ कागदावर तंतोतंत बसला होता. प्रत्यक्षात शिपाई त्यांच्यापुढे कागद लांबून टाकत आणि शहरात कोणी घर देईना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले. तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. थोड्याच दिवसांत त्यांनी बडोदे सोडले.

संस्थानाच्या जमाखर्चात हा पैसा बुडालाच म्हणायचा. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून साठवलेली रक्कम, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला आले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी.एस्सी. मिळाली. १९२५ मध्ये चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांची साक्ष झाली, तर १९४७ मध्ये ते घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. १९१३ साली असल्या कामांसाठी कोणी जागा मोजून ठेवणे शक्यच नव्हते.

तथापि बाबासाहेबांना उपयुक्ततेचे वावडे नव्हते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४२ मध्ये दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. कला आणि कायदा यांचे शिक्षण त्या मानाने त्यांना कमी उपयोगाचे वाटत होते. स्वतः बॅरिस्टर असलेल्या माणसाचे हे मत! विज्ञानाचे महागडे शिक्षण सरकारी मदतीवाचून गरिबाच्या आवाक्यात येणार नाही, हे त्यामागचे कारण होते. बाजाराला किती माणसे हवीत, यापेक्षा दार कोणाला बंद आहे, याचा हा हिशेब होता. १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४६ मध्ये मुंबईत त्यांनी सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, तेव्हा त्यात कला आणि विज्ञान दोन्ही शाखा ठेवल्या. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरत.