पावसाच्या पाण्याचा हिशेब

शहरे वाढताना इमारतींचा हिशेब काटेकोरपणे मांडला जातो; पावसाच्या पाण्याचा मात्र विसर पडतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तो कधी पडू दिला नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण होऊन ते १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. खडकवासला धरणावर बसविलेली स्वयंचलित दारे ही त्यांचीच कल्पना.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने हैदराबादेत हजारो बळी घेतले. निजाम सरकारच्या पाचारणावरून आलेले विश्वेश्वरय्या केवळ नदीकाठ बांधून काढण्यावर थांबले नाहीत. वरच्या खोऱ्यातील पर्जन्यमान आणि फुटलेले तलाव अभ्यासून त्यांनी पूर शहराबाहेरच अडविणारे जलाशय सुचविले. शहरासाठी गटारांची योजनाही आखली. पुढे उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) उभे राहिले.

१९६२ साली विश्वेश्वरय्या निवर्तले. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत त्याच हैदराबादेत तलावांच्या पोटात वसलेल्या वसाहती बुडाल्या. जलाशय टिकले, त्यांमागचा विचार टिकला नाही. नव्या वसाहतीस मंजुरी देण्यापूर्वी पावसाचे पाणी कोठून येणार, कोठे साठणार आणि कोणत्या नाल्याने वाहून जाणार, हे आराखड्यात दाखविणे बंधनकारक असले पाहिजे. आणि ते प्रत्यक्ष जागेवर तपासलेही गेले पाहिजे. त्याविना दिलेली परवानगी म्हणजे पुढच्या पुराला धाडलेले निमंत्रणच होय.