परक्या लेकरांचा बापू

रोजा माणसाला एका दिवसाची भूक दाखवतो. सूर्य मावळला की खजूर हाताशी असतो, पाणी असते, घरची माणसे शेजारी असतात. ज्या लेकराला इफ्तारची वेळ कधी येणार हेच ठाऊक नाही, ज्याच्या शेजारी बसायला आईबाप उरलेले नाहीत, त्याची भूक वेगळी. अशा शेकडो परक्या लेकरांच्या डोक्यावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका भारतीय राजाने हात ठेवला. नवानगरचे, म्हणजे आजच्या जामनगरचे, जामसाहेब दिग्विजयसिंहजी हे त्यांचे नाव.

त्यांचा जन्म 1895 सालचा. ज्यांच्या नावाने आपल्याकडे रणजी करंडक खेळला जातो, ते क्रिकेटपटू राजे रणजितसिंहजी हे त्यांचे काका. काकांनी पुतण्याला दत्तक घेतले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर इंग्लंडमध्ये शिक्षण झाले. पुढे अनेक वर्षे ते लष्करात होते. काकांसोबत स्वित्झर्लंडमध्ये असताना त्यांची ओळख पोलंडचे थोर पियानोवादक आणि माजी पंतप्रधान पादेरेव्स्की यांच्याशी झाली. पोलंड या देशाविषयी त्यांच्या मनात तेव्हापासून ओढ होती. 1933 मध्ये रणजितसिंहजी गेले आणि दिग्विजयसिंहजी गादीवर आले.

सहा वर्षांनी पोलंडवर आकाश कोसळले. 1 सप्टेंबर 1939 रोजी पश्चिमेकडून हिटलरची फौज आत शिरली आणि 17 सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौज. जर्मनांच्या ताब्यातल्या भागात यहुद्यांचा संहार झाला. सोव्हिएत भागातून लाखो माणसे मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे नेली गेली. त्यांत कॅथलिक होते, तसे यहुदीही होते. थंडी, उपासमार आणि टायफसने आईबाप गेले, मुले मागे राहिली.

1941 मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा या पोलिश लोकांची सुटका झाली. 1942 मध्ये एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक आणि निर्वासित इराणमध्ये उतरले. इराणी लोकांनी त्यांना थारा दिला. इस्फहान शहरात इतकी पोलिश मुले राहिली की ते त्यांचेच शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. तेहरानमध्ये जमलेल्या सातशेहून अधिक यहुदी मुलांची वाट मात्र लांबली. इराकने आपल्या भूमीतून जाऊ दिले नाही. त्यामुळे ती समुद्रमार्गे कराचीला आली, तिथून सुएझमार्गे निघाली आणि फेब्रुवारी 1943 मध्ये पॅलेस्टाईनला पोहोचली.

बाकीच्या अनाथांना कोण घेणार, हा प्रश्न होता. भारत तेव्हा स्वतः इंग्रजांच्या ताब्यात होता. युद्धाचा खर्च होता, महागाई होती, जपान ब्रह्मदेशापर्यंत आला होता. अशा वेळी परमुलखातल्या मुलांना नाही म्हणायला कारणांची कमतरता नव्हती. जामसाहेब हे राजेरजवाड्यांच्या नरेंद्र मंडळाचे प्रमुख होते. त्यांनी आपल्या संस्थानात मुलांची सोय करण्याची तयारी दाखवली आणि इतर संस्थानिकांनाही मदतीसाठी पुढे आणले.

पहिली मुले ट्रकमधून आली. मशहद, झाहेदान, क्वेट्टा असा तो वाळवंटी आणि डोंगरी रस्ता होता. मुंबईत वांद्र्याला त्यांना काही काळ ठेवण्यात आले. डॉक्टरांनी उपचार केले, पोटाला अन्न मिळाले. मग 1942 च्या उन्हाळ्यानंतर ती जामनगरजवळच्या बालाचडी गावी पोहोचली. समुद्रकिनाऱ्यावर, जामसाहेबांच्या उन्हाळी महालाशेजारी, त्यांच्यासाठी छावणी उभी राहिली होती.

स्वागताला जामसाहेब स्वतः आले. त्यांनी मुलांना सांगितले, की आता स्वतःला अनाथ समजू नका; नवानगरच्या साऱ्या प्रजेचा मी बापू आहे, तसा तुमचाही आहे. हे बोलणे समारंभापुरते राहिले नाही. मुलांसाठी शाळा होती, दवाखाना होता, पोलिश पुस्तके होती. त्यांची भाषा, त्यांचा धर्म, त्यांचे सण यांना कोणी हात लावला नाही. छावणीत त्यांच्या देशाचा झेंडा फडकत होता. नाताळात, मुलांच्या नाटकांना आणि खेळांना जामसाहेब हजर असत. आसरा देताना त्यांनी मुलांकडून त्यांची ओळख मागून घेतली नाही.

महाराष्ट्राचा वाटाही यात मोठा आहे. 1943 मध्ये कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या परिसरात, वळिवडे येथे मोठी छावणी वसली. सुमारे पाच हजार पोलिश लोक तिथे राहिले. बहुतेक बायका आणि मुलेच. शाळा, चर्च, नाट्यगृह, दुकाने असे पूर्ण गावच ते. आजारी मुलांना हवापालटासाठी पाचगणीला नेत. आज भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरच्या मुलाला कोल्हापूर माहीत असते ते अंबाबाईसाठी, कुस्तीसाठी. पण जगाच्या दुसऱ्या टोकाला अशी म्हातारी माणसे होऊन गेली, ज्यांच्यासाठी कोल्हापूर म्हणजे लहानपणीचे घर होते.

युद्ध संपले, पण खरी कसोटी तेव्हाच लागली. पोलंडमध्ये आता सोव्हिएत गटाचे सरकार येत होते. ज्या राजवटीने आईबापांना सायबेरियात नेले, तिच्याच छायेत या मुलांना परत पाठवायचे का? कायद्याने मुलांचे कोणी नव्हते, त्यामुळे त्यांच्या वतीने नाही म्हणणारेही कोणी नव्हते. जामसाहेबांनी छावणीचे प्रमुख फादर प्लुटा आणि इंग्रज अधिकारी क्लार्क यांच्यासोबत कागदोपत्री मुलांचे पालकत्व घेतले. चार वर्षांपूर्वी तोंडाने स्वीकारलेले नाते त्यांनी आता सहीने पक्के केले. 1946 मध्ये बालाचडी बंद झाली आणि उरलेली मुले वळिवड्याला आली. पुढे कोणी मायदेशी गेले, कोणी इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियाला.

वळिवड्याची छावणी 1948 मध्ये रिकामी झाली. पण ती जागा फार काळ ओस पडली नाही. फाळणीत सिंधमधले घरदार सोडून आलेली कुटुंबे तिथे वसवली गेली. आजचे गांधीनगर ते हेच. घर गमावलेल्यांना त्या मातीने दुसऱ्यांदा पदराखाली घेतले.

स्वातंत्र्यानंतर जामसाहेबांनी संस्थान भारतात विलीन केले, सौराष्ट्राचे राजप्रमुख झाले, संयुक्त राष्ट्रांत भारताच्या शिष्टमंडळात काम केले. 3 फेब्रुवारी 1966 रोजी त्यांचे निधन झाले. पोलंडने उपकाराची परतफेड कशी करावी असे विचारले तेव्हा, वॉर्सातल्या एखाद्या रस्त्याला आपले नाव द्यावे एवढीच त्यांची इच्छा होती, असे सांगतात. ते त्यांच्या हयातीत झाले नाही. साम्यवादी राजवट गेल्यावर वॉर्सात त्यांच्या नावाची शाळा झाली, मग चांगल्या महाराजांचा चौक झाला, मरणोत्तर सन्मानही मिळाला. ऑगस्ट 2024 मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी त्या स्मारकाला आणि वॉर्सातल्याच कोल्हापूर स्मारकाला फुले वाहिली.

यतिमाच्या डोक्यावरून हात फिरवणे ही फार मोठी नेकी आहे, हे रमजानमध्ये आपण ऐकतो. बहुतेक वेळा तो यतीम आपल्या वस्तीतला, आपल्या कौमचा असतो. जामसाहेबांपुढे उभी असलेली मुले ना त्यांच्या देशाची होती, ना धर्माची, ना भाषेची. त्यांनी एवढेच पाहिले, की ती भुकेली आहेत आणि त्यांना बाप नाही.